एका थराचा माणूस : अर्व्हिंग लँगम्यूर

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत लँगम्यूर हे नाव आपल्याला भेटतं ते एका वक्र रेषेच्या रूपात. ॲडसॉर्प्शन आयसोथर्म! आधी भराभर चढणारी आणि मग दमून आडवी होणारी ती रेषा, तिच्याखालची गृहीतके चार की पाच यावरून रूममध्ये झालेला वाद, आणि व्हायवाला नेमका तोच प्रश्न... परीक्षा संपली की रेषा विसरते आणि रेषेबरोबर तो माणूसही. मीही विसरलो होतो.

पुन्हा गाठ पडली ती थर्ड इयरला, सेमिनारच्या विषयामुळे. विषय होता बर्फ न धरणारे पृष्ठभाग. म्हणजे असे लेप, की ज्यांच्यावर पाणी टिकत नाही, आणि टिकून गोठलंच तर उन्हाने लेप स्वतः तापतो आणि बर्फ घसरून पडतो. विषय अगदी नवा, गेल्या पंधरा-वीस वर्षांतला. पण कोणताही पेपर उघडून त्याच्या मुळाकडे जावं, तर वाट कुठे ना कुठे १९५७ साली वारलेल्या या माणसाच्या अंगणातून जाते. मग ठरवलं, सेमिनार होईल तेव्हा होईल, आधी हा माणूस नीट समजून घेऊ.

मित्रांनो, आपल्याकडे बर्फ म्हणजे सरबतातला किंवा फ्रीजमध्ये साचलेला. फ्रीजरच्या भिंतीला बर्फाचा थर धरला की घरात कोणीतरी सुरी घेऊन खरवडायला बसतं, आणि दुसरं कोणीतरी ओरडतं की नळीला भोक पडेल. गंमत वाटते, पण आकाशात विमानाच्या पंखावर हाच थर धरला तर खरवडायला तिथे कोण जाणार? पंखाचा आकार थोडासा बिघडला तरी त्याची उचल कमी होते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये पंखांवर बर्फ असतानाच एक प्रवासी विमान उडाले, पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकले आणि ७८ माणसे गेली. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ आणखी एक विमान बर्फामुळे कोसळले. त्यात ६८ गेली. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला सामान नेणारी विमाने ज्या कारणांनी पडत, त्यांतही एक मोठे कारण हेच होते. तेव्हा प्रश्न साधा नाही.

चष्मा

अर्व्हिंग लँगम्यूरचा जन्म ३१ जानेवारी १८८१ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. चार भावांतला तिसरा. वडील विमा व्यवसायात. निसर्गात जे दिसेल ते नीट बघायचं आणि त्याची नोंद ठेवायची अशी सवय आईवडिलांनी मुलांना लावली होती. आता गंमत बघा, ज्याला नीट बघायला शिकवत होते त्याला दिसतच नव्हतं! अर्व्हिंगची नजर कमजोर आहे हे तो अकरा वर्षांचा होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. चष्मा लागला आणि आजवर धूसर असलेले बारकावे एकदम स्पष्ट दिसू लागले. नंतर आयुष्यभर या माणसाने बारीक बघण्याचाच धंदा केला. पण नजर कमजोर असणं हे चष्म्याने सुटतं, त्याचा दुसरा प्रकार सुटत नाही. त्याकडे आपण शेवटी येऊ.

वडिलांच्या नोकरीमुळे तीन वर्षे पॅरिसला शाळा, मग परत अमेरिका. थोरला भाऊ आर्थर रसायनशास्त्रज्ञ. त्याच्यामुळे धाकट्यालाही प्रयोगांचा नाद लागला. १९०३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या स्कूल ऑफ माइन्समधून त्याने धातुशास्त्राची इंजिनिअरिंगची पदवी घेतली. हो, इंजिनिअरिंगचीच! नंतर जर्मनीत गॉटिंगेनला नर्न्स्ट यांच्याकडे जाऊन १९०६ साली डॉक्टरेट. तिथला विषयही लक्षात ठेवण्यासारखा आहे : तापून प्रकाशणाऱ्या तारेजवळ वायूंचे काय होते. तापलेला पृष्ठभाग आणि त्याला स्पर्श करणारे रेणू, हा प्रश्न पंचविशीत त्यांच्या मागे लागला तो कायमचा.

काळा पडणारा बल्ब

परत आल्यावर तीन वर्षे न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी केली. शिकवणं इतकं की संशोधनाला वेळच नाही. १९०९ च्या उन्हाळी सुट्टीत ते स्केनेक्टेडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काही आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि १९५० साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले! सुट्टीतली ट्रेनिंग एवढी लांबलेली दुसरी कोणाची ऐकिवात नाही.

तिथे तेव्हा एक डोकेदुखी होती. टंगस्टनच्या तारेचे बल्ब काही दिवसांत आतून काळे पडत. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आतली हवा पुरती निघालेली नाही, अजून चांगली निर्वात पोकळी करा. लँगम्यूर यांनी उलटं केलं. पोकळी चांगली करण्याऐवजी त्यांनी एकेक वायू मुद्दाम आत सोडला आणि काय बिघडतं ते पाहिलं. तेव्हा दिसलं की खरा खोडकर आहे पाण्याच्या वाफेचा अंश. तो तारेवरचा टंगस्टन उचलून काचेवर नेऊन ठेवतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो, पुढच्या खेपेला तयार. ही वाफ काढली तरी तारेचे अणू आपोआप उडतच राहतात. पण बल्बमध्ये नायट्रोजन किंवा आर्गॉन भरला तर ते उडणं मंदावतं. मात्र वायू तारेची उष्णता पळवतो. त्यावर उपाय म्हणजे तारेची गुंडाळी करायची, म्हणजे वायूला तिचा कमी भाग लागतो. १९१३ च्या सुमारास हा वायूभरला बल्ब तयार झाला. एलईडी येईपर्यंत आपल्या आजी-आजोबांच्या, आईवडिलांच्या घरात जो पिवळा बल्ब लटकत होता, तो हाच.

पाण्याची वाफ आणि तापलेला पृष्ठभाग यांचे नाते इतक्या बारकाईने पाहिलेला हा माणूस पुढे बर्फाकडे वळला, यात नवल नाही.

एकच थर

आता ती आयसोथर्मची रेषा. ती आडवी का होते? कारण पृष्ठभागावर बसायला जागा ठरावीक. एका रेणूला एक जागा, आणि सगळ्या जागा भरल्या की संपलं. मेसमधली बाकं भरल्यावर उरलेले जसे ताट घेऊन उभे राहतात तसं. लँगम्यूर यांच्या आधी अनेकांना वाटे की पृष्ठभागावर वायूचा जाडसर ढगच बसतो. त्यांनी दाखवलं की बहुतेक वेळा सगळा कारभार एका रेणूच्या थराचा असतो.

मग ते पाण्यावरच्या तेलाकडे गेले. हा प्रयोग तसा जुना. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतलं तर सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, असं १७७४ साली लिहून ठेवलं आहे. कॅल्क्युलेटर घ्या : पाच मिलिलिटर तेल, दोन हजार चौरस मीटर पाणी. थराची जाडी येते अडीच नॅनोमीटर. म्हणजे जेमतेम एका रेणूची लांबी! फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. पुढे जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाच्या बाईंनी, विद्यापीठाची पायरी न चढता, स्वयंपाकघरातल्या पाण्यावर असेच पातळ थर मोजले; ते काम १८९१ साली प्रसिद्ध झाले. लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये त्याच धर्तीचा पसरट हौद आणि तराजू वापरून छडा लावला. स्निग्ध आम्लांचे रेणू पाण्यावर उभे राहतात, डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत. शेपूट सोळा कार्बनची असो की सव्वीस, प्रत्येक रेणू पाण्यावर जागा तेवढीच अडवतो. म्हणजे ते आडवे पडलेले नाहीत, लोकलमधल्या प्रवाशांसारखे खेटून उभे आहेत.

या कामात त्यांना साथ मिळाली कॅथरिन ब्लॉजेट यांची. स्केनेक्टेडीतच १८९८ साली जन्मलेल्या या बाई १९१८ मध्ये प्रयोगशाळेत आल्या, आणि १९२६ मध्ये केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पाण्यावरचा थर काचेवर उचलून घ्यायची युक्ती त्यांनी पक्की केली. काच पाण्यात बुडवून अलगद वर काढायची, की रेणूंचा एक थर तिला चिकटून येतो. आणि इथे आपल्या विषयाचा खरा धागा सापडतो. त्या थराची शेपटं बाहेरच्या बाजूला येतात, आणि काचेला पाणी लागेनासं होतं! काच तीच, वजन तेच. वर आलेला थर केसाच्या जाडीच्या सुमारे तीस हजाराव्या हिश्शाचा. पण पाण्याला कळतो तो फक्त तेवढाच थर, खाली काच आहे की सोनं याची पाण्याला खबरही नाही.

असेच ४४ थर एकावर एक चढवून ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये प्रकाश परावर्तित न करणारी काच करून दाखवली. पृष्ठभागावरचा नगण्य थर पाण्याचं वागणं ठरवतो आणि प्रकाशाचंही. या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर सिद्ध झाल्या होत्या.

लँगम्यूर यांना १९३२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला मिळालेले हे पहिले नोबेल. दरम्यान आयनित वायूला प्लाझ्मा हे नावही त्यांनीच दिले होते आणि हायड्रोजनच्या अणूंच्या ज्योतीवर चालणारे वेल्डिंगही. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी!

वॉशिंग्टन शिखर

युद्ध सुरू झाले तेव्हा साठी जवळ आलेली. स्वतः विमान चालवायला शिकलेले असल्याने आकाश त्यांना परकं नव्हतं. हिमकणांतून जाताना विमानाच्या रेडिओत होणारी खरखर आणि पंखांवर धरणारा बर्फ, हे दोन प्रश्न सैन्यापुढे होते. लँगम्यूर आणि त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी त्यासाठी न्यू हॅम्पशायरमधले माउंट वॉशिंग्टन हे शिखर निवडले. शेफर म्हणजे प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधून वर आलेला माणूस. हायस्कूलही पुरे झालेले नाही. उंची आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी जास्त, १९१७ मीटर. पण हवामान भयंकर. १२ एप्रिल १९३४ रोजी तिथे वाऱ्याचा वेग ताशी ३७२ किलोमीटर नोंदला गेला होता. हिवाळ्यात शिखर ढगात बुडतं आणि खांब, दोर, उपकरणं, जे उभं असेल त्यावर पांढऱ्या बर्फाची पिसं उगवतात.

तिथे दिसणारी गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलटी आहे. ढगातले पाण्याचे थेंब शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश गेले तरी गोठत नाहीत. गोठायला त्यांना कशाचा तरी आधार लागतो. तो मिळेपर्यंत ते द्रवच राहतात आणि विमानाचा पंख समोर आला की त्यावर आदळून गोठतात. म्हणजे विमान बर्फात शिरत नाही, गोठायला टपलेल्या पाण्यात शिरतं.

मग कोणता थेंब आदळेल आणि कोणता हवेबरोबर वळसा घालून निघून जाईल? लँगम्यूर आणि ब्लॉजेट यांनी थेंबांच्या वाटांचे गणित मांडले. त्याचा अहवाल १९४६ चा. बारीक थेंब हवेबरोबर वळतात. मोठे थेंब जडत्वामुळे वळू शकत नाहीत, सरळ येऊन धडकतात. आणि वस्तू जितकी बारीक तितकी ती आपल्या वाटेतल्या थेंबांचा मोठा वाटा पकडते. म्हणून जाड खांबापेक्षा बारीक तारेवर आणि पंखाच्या धारदार कडेवर बर्फ लवकर धरतो. शिखरावर वेगवेगळ्या जाडीच्या फिरत्या दांड्या वाऱ्यात धरून, प्रत्येकीवर किती बर्फ जमला यावरून ढगातले पाणी आणि थेंबांचा आकार काढत. थेंबांच्या आकारांची लँगम्यूर यांच्या नावाची वाटणी आजही विमानाच्या बर्फाच्या गणितात वापरतात.

त्या काळी बर्फ काढायचे उपाय दोन प्रकारचे होते. एक म्हणजे पंखाच्या कडेला रबरी पिशवी लावून ती फुगवायची, की बर्फाला तडे जातात. दुसरा म्हणजे इंजिनाच्या टाकाऊ उष्णतेने पंख तापवायचा. त्या कामासाठी लुईस रोडर्ट यांना १९४६ चा कोलियर पुरस्कार मिळाला. दोन्ही चालतात, पण दोन्हींना वजन लागतं, नळ्या लागतात, इंधन लागतं.

उन्हाचा लेप

इथे जरा आजच्या काळात येऊ. लँगम्यूर यांनी उन्हाने तापणारा लेप केला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण त्याचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर पडलेले होते.

पहिला भाग पाणी झटकण्याचा. अळूचं पान आपण सगळ्यांनी पाहिलंय. अळवावरचं पाणी हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुर या अर्थी वापरतो. पण पानाच्या बाजूने विचार केला तर ती त्याची हुशारी आहे. मेणचट आवरण आणि त्यावर सूक्ष्म खडबडीतपणा, फटींत अडकलेली हवा. थेंब हवेच्या गादीवर बसतो आणि घरंगळतो. थेंबाचा पृष्ठभागाशी कोन १५० अंशांच्या वर गेला की त्याला सुपरहायड्रोफोबिक म्हणतात. विमानाच्या पंखावर असं कवच असेल तर थेंब गोठायच्या आत उसळून निघून जाण्याची शक्यता वाढते.

दुसरा भाग उन्हाचा. पुन्हा फ्रँकलिन! त्यांनी उन्हात बर्फावर निरनिराळ्या रंगांच्या कापडाचे तुकडे ठेवले होते. काळा तुकडा सगळ्यात खोल गेला, पांढरा होता तिथेच राहिला. काळा रंग प्रकाश गिळून त्याची उष्णता करतो. त्यामुळे खडबडीत कवचात काजळी, कार्बनच्या नॅनोनलिका, काळे लोह ऑक्साइड किंवा टायटॅनियम नायट्राइड मिसळलं, तर लेप उन्हात आपणहून तापतो.

आता खरी मेख. बर्फ काढायचा म्हणजे सगळा वितळवायचा, असं आपल्याला वाटतं. हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर बर्फ म्हणजे सुमारे ०.९२ किलो. वितळायला किलोला ३३४ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ३०६ किलोज्यूल. भर उन्हात चौरस मीटरला सेकंदाला एक किलोज्यूल मिळते असं धरलं, आणि काहीही वाया गेलं नाही, तरी पाच मिनिटं लागतील. पण बर्फ जिथे पृष्ठभागाला चिकटलाय तिथला फक्त दहा मायक्रॉनचा थर वितळवला तर? तीन किलोज्यूल. कागदावर तीन सेकंद! प्रत्यक्षात वारा उष्णता पळवतो, बर्फ थंड असतो, वरचा बर्फ थोडा प्रकाश अडवतो, त्यामुळे वेळ कितीतरी जास्त लागतो. पण तत्त्व तेच राहतं. तळचा थर सुटला की वरचा सगळा बर्फ आपल्याच वजनाने किंवा वाऱ्याने घसरतो. आणि कवच पाणी झटकणारं असल्याने वितळलेलं पाणी तिथेच पुन्हा गोठत बसत नाही. कितीतरी दशकांपूर्वी जे पाण्याच्या थराबद्दल सिद्ध झालं होतं तेच इथे बर्फाला लागू पडलं : सगळा कारभार सीमेवरच्या थराचा.

२०१८ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी तीन पदरी लेप दाखवला. वर प्रकाश गिळणारा पदर, मध्ये उष्णता आडवी पसरवणारा ॲल्युमिनियमचा, खाली उष्णता आत जाऊ न देणारा फोमचा. मधल्या पदरामुळे ऊन एका भागावर पडलं तरी सावलीतला बर्फही सुटतो. २०२० मध्ये मेणबत्तीच्या काजळीवर सिलिकाचं कवच चढवून आणि त्यावर सिलिकोनच्या साखळ्या बसवून केलेला लेप प्रसिद्ध झाला. काजळी! आपल्या आज्या दिव्यावर वाटी धरून जमवायच्या तीच जात.

मग हे लेप विमानांवर का नाहीत? कारण अडचणीही खऱ्या आहेत. दमट थंडीत वाफ थेट फटींत शिरून गोठते. मग हवेच्या गादीऐवजी बर्फाच्या खुंट्या तयार होतात आणि बर्फ उलट जास्त घट्ट बसतो. बर्फ निघताना सूक्ष्म काटे मोडतात. वाळू, पाऊस, धुण्याचा ब्रश हे सगळं त्या नाजूक रचनेच्या मुळावर उठतं. पाणी झटकायला वापरलेली काही फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात वर्षानुवर्षे टिकतात. आणि रात्री ऊन नसतं! म्हणून विमानतळावर अजूनही गरम ग्लायकॉलचा फवारा मारतात. विजेच्या तारा, पवनचक्क्यांची पाती यांसाठीही या लेपांवर काम चालू आहे, आणि बऱ्याच ठिकाणी विजेचा हीटर आणि लेप अशी जोडी लावून पाहतात. लेपाने निम्मं काम केलं तरी हीटरची वीज वाचते.

दुसऱ्या प्रकारची नजर

पुन्हा शिखराकडे. शून्याखालचं पाणी ढगात द्रवच राहतं, मग त्याला आधार दिला तर? जुलै १९४६ मध्ये शेफर फ्रीजरमध्ये श्वास सोडून कृत्रिम ढग करत होते. फ्रीजर पुरेसा थंड होईना म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा तुकडा ठेवला, आणि क्षणात सगळा ढग चमचमत्या हिमकणांचा झाला. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी शेफर यांनी विमानातून खऱ्या ढगावर कोरडा बर्फ टाकला आणि लँगम्यूर यांनी जमिनीवरून ढगातून हिम झरताना पाहिले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी बर्नार्ड वोनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग शोधला. कृत्रिम पावसाचा जन्म असा विमानावरच्या बर्फाच्या प्रश्नातून झाला. आपल्या महाराष्ट्रात २००३ च्या दुष्काळात झालेला प्रयोग काय, किंवा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या आकाशात मिठाचे कण सोडून केलेला अभ्यास काय, ही त्याच घराण्यातली पुढची पिढी.

पण इथेच लँगम्यूर घसरले. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी प्रोजेक्ट सायरस नावाच्या सरकारी मोहिमेत अटलांटिकवरच्या एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकण्यात आला. वादळ वळलं आणि जॉर्जियात सॅव्हाना शहरावर जाऊन आदळलं. लँगम्यूर यांचं म्हणणं, आम्हीच ते वळवलं. हवामानशास्त्रज्ञांचं म्हणणं, ते आधीच वळू लागलं होतं. पुढे न्यू मेक्सिकोत दर आठवड्याला सिल्व्हर आयोडाइड सोडून, हजारो किलोमीटरवरचा पाऊसही आठवड्याच्या तालात पडू लागल्याचा दावा त्यांनी केला. संख्याशास्त्रज्ञांना तो पटला नाही. हौदातल्या एका थराची जागा अचूक मोजणारा माणूस अख्ख्या खंडाच्या पावसाचं श्रेय घेऊ लागला! हौदात पुन्हा पुन्हा तोच प्रयोग करता येतो. आकाशात, बी टाकलं नसतं तर काय झालं असतं, हे बघायला दुसरं आकाश नसतं.

आणि याच माणसाने डिसेंबर १९५३ मध्ये एक प्रसिद्ध व्याख्यान दिलं, विषय काय? प्रामाणिक शास्त्रज्ञ स्वतःला कसे फसवतात! डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढ्या परिणामावर मोठमोठे दावे कसे उभे राहतात याची लक्षणं त्यांनी एकेक करून सांगितली. ती लक्षणं आज जगभर शिकवतात. दुसऱ्याच्या डोळ्यांवरचं धुकं त्यांना स्वच्छ दिसलं. अकराव्या वर्षी चष्मा लागला, पण या धुक्याला चष्मा नाही.

१६ ऑगस्ट १९५७ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पृष्ठभागाच्या विज्ञानाला वाहिलेले त्यांच्या नावाचे नियतकालिक १९८५ मध्ये निघाले. बर्फ न धरणाऱ्या लेपांवरचे कितीतरी पेपर त्यात येत असतात.

मित्रांनो, चरित्र लिहिताना माणूस देवच करून ठेवायची आपली सवय. मला मात्र लँगम्यूर दोन्ही बाजूंनी जवळचे वाटले. प्रोजेक्टला रीडिंग हवं तसं आलं नाही की आपणही थोडं इकडचं तिकडे करतो, आणि हवं तसं आलं की दुसऱ्यांदा घेत नाही. हे लेप करणाऱ्यांनाही तोच मोह असणार : प्रयोगशाळेत, कोरड्या हवेत, लख्ख दिव्याखाली बर्फ सुटला की टाळ्या. दमट रात्री, शंभर वेळा गोठवून आणि सोडवून, तरी सुटला तरच त्या पंखाखाली बसलेल्या माणसांना उपयोग. सेमिनारच्या शेवटी मी एवढंच सांगणार आहे. आणि व्हायवाला आयसोथर्मची गृहीतकं विचारलीच, तर यावेळी पाठ करावी लागणार नाहीत!